राखेतलं स्थळ

डबा म्हणजे काय, हे मला परळीतल्या एका मोबाइल दुकानदाराने समजावून सांगितलं. मी फोनची काच बदलायला त्याच्याकडे गेलो होतो. काच काढता काढता त्याने विचारलं, "सर, तुमी कॉलेजात भूगोल शिकवता म्हणं. मग अक्षांशाच्या मिनिटाचा दशांश कसा काढायचा, येतं का तुमाला?"

मला फार आनंद झाला. एम. ए. होऊन बरीच वर्षं झाली होती, पण वर्गाबाहेरच्या माणसाने मला अक्षांशाबद्दल काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. मी तिथेच एका पुठ्ठ्यावर गणित करून दाखवलं. त्याने लगेच कुणाला तरी फोन लावला, "साहेब, माणूस सापडला!"

साहेब म्हणजे वीज केंद्रातला इंजिनिअर. नाशिककडचा, नोकरीनिमित्त परळीत आलेला. हा खेळ त्याने पुण्यात शिकून आणला होता. कुणीतरी एक छोटा डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकायचे, आणि इतरांनी मोबाइल घेऊन तो शोधायचा. डब्यात कागदाची गुंडाळी असते. तिच्यावर सही करायची, डबा होता तिथेच परत ठेवायचा आणि ॲपवर लिहायचं, 'सापडला'. बक्षीस वगैरे काही नाही. जगभर लोक हा खेळ खेळतात, पण आमच्या भागात खेळणारे आम्ही तिघंच. वैजनाथाच्या दर्शनाला हैदराबादकडून येणाऱ्यांपैकी एखादा आमचा डबा शोधून जायचा आणि ॲपवर चार चांगले शब्द लिहायचा. ते आम्ही एकमेकांना वाचून दाखवायचो.

दर रविवारी आम्ही दोन गाड्यांवर निघायचो. दुकानदार एकटा त्याच्या गाडीवर, मी इंजिनिअरच्या मागे. ते दोघंही मला मास्तर म्हणायचे, अरे-तुरे करायचे. दुकानदाराला मी अरे म्हणायचो, पण इंजिनिअरला साहेब आणि तुम्हीच. त्याने कधी बदलायला सांगितलं नाही आणि मलाही ते कधी खटकलं नाही. माझे वडील, म्हणजे आबा, सिरसाळ्याच्या आडत बाजारात हमाल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वीज केंद्रातल्या साहेबाच्या गाडीवर मागे बसून मी सिरसाळ्यातून जायचो तेव्हा बाजारातली माणसं बघायची, आणि आबा त्यांना सांगायचे, "पोराचे दोस्त हायत ते."

खेळात हसण्यासारखं पुष्कळ होतं. एकदा सिरसाळ्याच्या अलीकडे मी बाभळीच्या दाटीत उकिडवा बसून डबा शोधत होतो. रस्त्याने शेळ्या घेऊन एक म्हातारी चालली होती. ती ओरडली, "उठ रे मुडद्या! शिकल्यालं दिसतंस की, रस्त्याच्या कडंला बसाया लाज न्हाई वाटत?" मी हातातला मोबाइल वर करून दाखवला, तर ती आणखीच चिडली, "आता मोबाइल बी लागतो व्हय ह्याला!" पलीकडून दुकानदार ओरडला, "काय बे मास्तर, डबा सापडना का डबा घरी इसरला?" इंजिनिअर हसून हसून गाडीवरून खाली उतरला. मीही हसलो. त्या दिवसानंतर कितीतरी रविवार मी त्या आठवणीवर काढले.

परळीच्या आजूबाजूला डबा शोधणं म्हणजे वीज केंद्रात जळलेल्या कोळशाच्या राखेत हात घालणं. कडुनिंबाच्या पानांवर राख, दगडावर राख, डब्याच्या झाकणावर राख. परत येताना आमची मनगटं पांढरी झालेली असायची. माझी माय म्हणायची, "कुठं गेलता रं, चूल सारवाया?"

आमच्या गटाने एक जास्तीचा नियम केला होता. खऱ्या डब्याच्या जवळच एक खोटा डबा ठेवायचा. त्याला आम्ही 'चकवा' म्हणायचो. शेतातून जाताना माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, त्याला आमच्याकडे चकवा लागला म्हणतात, त्यावरून. चकव्याच्या डब्यात सही करायला कागद नसायचा. त्याऐवजी चिठ्ठी असायची, ज्याच्यासाठी चकवा लावला त्याला झोंबेल अशी. आणि झोंबलं तरी चालेल, पण चिडायचं नाही. चिडला तो बाद.

दुकानदाराच्या चकव्यात इंजिनिअरच्या पोटाबद्दल चिठ्ठ्या असायच्या. इंजिनिअर दुकानदाराच्या इंग्रजीची टर उडवायचा. माझ्या चिठ्ठ्या दोनच विषयांवर. 'मास्तर, पर्मनंट कधी?' आणि 'मास्तर, लाडू कधी?' मी तासिका तत्त्वावर शिकवतो. जितके तास शिकवले तितक्याचेच मिळतात, सुट्टीत काहीच नाही. आणि माझं लग्न ठरत नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

"मास्तर स्थळं हुडकण्यात लई हुशार," दुकानदार म्हणायचा, "पर ह्याचं स्थळ काही ह्याला सापडंना."

हा विनोद त्याला इतका आवडला होता की दर रविवारी तो एकदा तरी करायचाच.

इंजिनिअरबद्दल मला आणखी एक सांगितलं पाहिजे, नाहीतर ते त्याच्यावर अन्याय केल्यासारखं होईल. प्राध्यापकाच्या पक्क्या नोकरीसाठी लागणारी सेट परीक्षा माझी दोनदा हुकली होती. भूगोलाचा पेपर निघायचा, पण इंग्रजी उतारे आणि तर्काच्या प्रश्नांत मी अडकायचो. त्याने मला त्याच्या क्वार्टरवर बोलावून, स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर बसवून शिकवलं. त्याची बायको आम्हाला चहा आणून द्यायची. मी चुकलो की तो डोक्यावर पेन मारायचा आणि म्हणायचा, "गाढवा, घाई नको. प्रश्न काय आहे ते आधी वाच." मी पास झालो. त्यात त्याचा वाटा मोठा आहे. मी ते आजही मानतो.

पास झालो म्हणून नोकरी लागत नसते. जागा निघत नव्हत्या. आबा मला घेऊन स्थळं बघायला जायचे. एका घरी मुलीच्या चुलत्याने मला विचारलं, "तासावर म्हंजी कसं?" मी समजावून सांगितलं. तो ऐकून घेऊन शेजारच्याला म्हणाला, "म्हंजी जावाई बी तासावरच म्हणायचा की." पोह्यांच्या बश्या हातात घेऊन सगळी बैठक हसली. आबाही हसले. उंबऱ्याबाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "माणूस बोलका हाय. मनात काई ठिवत न्हाई." तिथून निरोप आलाच नाही.

हे सगळं मी रविवारी या दोघांना सांगायचो. दुसरं कुणाला सांगणार? कॉलेजात माझ्यासारखेच तासावरचे लोक, त्यांना त्यांचंच पुरेसं. हे दोघं ऐकायचे, हसायचे, मग इंजिनिअर पाठीवर थाप मारायचा. मला हलकं वाटायचं.

मग एके दिवशी अनोळखी नंबरवरून निरोप आला. प्रोफाइलला वैजनाथाचा फोटो. लिहिणारा म्हणे मुलीचा मामा. 'मुलगी बीएस्सी आहे. शांत स्वभाव. आपली माहिती एका पाहुण्यांकडून मिळाली. आम्हाला नोकरी पर्मनंटच पाहिजे असं काही नाही, मुलगा हुशार व निर्व्यसनी असावा.'

ते शेवटचं वाक्य मी कितीदा वाचलं ते सांगता येणार नाही. आम्हाला नोकरी पर्मनंटच पाहिजे असं काही नाही. इतक्या वर्षांत ते मला कुणी म्हटलं नव्हतं.

बोलणं वाढलं. त्याने माझं शिक्षण विचारलं, आवड विचारली. मी नकाशांबद्दल लिहिलं, तर त्याने उत्तर दिलं, 'मुलीलाही फिरण्याची आवड आहे.' मी फोन लावला की उचलायचा नाही. नंतर लिहायचा, 'शेतात होतो, रेंज नाही.' आमच्याकडे शेतात खरोखरच रेंज नसते. शेवटी बघण्याचा दिवस ठरला आणि त्या दिवशी सकाळी लोकेशन आलं. गावाचं नाव नव्हतं, नुसतंच लोकेशन. 'घर वस्तीवर आहे, गावात विचारून सापडणार नाही, लोकेशनवरच या.'

मी आबांना ते सांगितलं. ते अडतील अशी मला भीती होती. स्थळ बघायला जाताना आमच्याकडे वाट विचारत जातात. टपरीवर, पारावर, पिठाच्या गिरणीवर विचारायचं, अमक्याचं घर कुठं? विचारता विचारता घरही सापडतं आणि घरची माणसं कशी आहेत तेही कळतं. पण विचारलं की समोरचाही विचारतो, "तुमी कोणाचे? कुठले? काय करता?" आणि आबांना सांगावं लागायचं, हमाल हाय. आयुष्यभर ते हे सांगत आलेले. लोकेशनवर जायचं म्हटल्यावर त्यांचा चेहराच उजळला.

"म्हंजी कुणालाच इचारायचं न्हाई?"

"न्हाई आबा."

"डायरेक दारात?"

"डायरेक्ट दारात."

ते मायला म्हणाले, "बघ. शिक्षण म्हंत्यात ते ह्याला."

भाड्याची जीप केली. आबा, माय, माझा मामा आणि मी. आबांनी परीटघडीचं धोतर-सदरा घातला होता, टोपी नवी होती. मायने इरकल नेसली होती. जीप निघाली तेव्हा आबा पुढे बसले आणि फोन हातात धरून राहिले. फोनमधली बाई बोलली की ते ड्रायव्हरला सांगायचे, "उजवीकडं म्हंती." टपरीवर माणसं दिसली आणि ड्रायव्हरने वेग कमी केला तर म्हणायचे, "थांबू नको. आपल्याला इचारायची गरज न्हाई. पोरगा भूगोलाचा हाय."

परळीच्या अलीकडे बाईने आम्हाला मुख्य रस्त्यावरून आत घेतलं. वीटभट्ट्या लागल्या. त्यानंतर राखेचे टिप्पर ये-जा करतात तो कच्चा रस्ता. मी म्हटलं, वस्ती असेल पुढे. मामा म्हणाला, "वस्ती कावून आसंल हितं? हितं कुत्रं बी राहत न्हाई." आबा त्याच्यावर खेकसले, "तुला काय कळतं बे मोबाइलातलं?"

राखेच्या एका मोठ्या ढिगाच्या पायथ्याशी बाई म्हणाली की तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात.

"कुठं पोचलो?" मामा म्हणाला.

आम्ही उतरलो. वारा होता. समोर ढीग, मागे ढीग, मधे एक बाभूळ. बाभळीखाली दगडावर प्लॅस्टिकचा डबा. झाकणाला काळी चिकटपट्टी लावलेली आणि पट्टीचं टोक आत दुमडलेलं, म्हणजे उघडताना पटकन सापडावं. तसं टोक दुमडणारा मला एकच माणूस माहीत होता.

मी पुढे होण्याआधी आबांनी डबा उचलला. आत खण, नारळ, हळदी-कुंकवाची पुडी आणि चिठ्ठी होती. आबांनी नारळ कपाळाला लावला. मायने खण घेऊन पदरात धरला. "बघ की," ती म्हणाली, "किती रीतीची माणसं हायत. दारात यायच्या आधीच ओटी ठिवली." तिला वाटलं, घर ढिगापलीकडे असणार.

आबांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. "वाच मोठ्यानं."

चिठ्ठीत लिहिलं होतं, 'अभिनंदन मास्तर, स्थळ सापडलं.'

मी वाचलं, "थोडा वेळ थांबा, घ्यायला येतो."

मला दुसरं काही सुचलं नाही. ते खरं वाचून दाखवायला तोंड उघडेना. मग सगळे थांबले. आबांनी उपरणं अंथरलं, त्यावर मायला आणि मामाला बसवलं, स्वतः ओळीत टोकाला बसले, मांडी घालून, हात गुडघ्यांवर. बघण्याच्या बैठकीत बसतात तसे. वाऱ्याने राख उडत होती आणि त्या तिघांवर बसत होती. मी ढिगाच्या माथ्याकडे बघितलं. वर काहीतरी हललं. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता तरी ते दोघं खाली येतील. माझ्या मायला बघितल्यावर येतीलच.

ते आले नाहीत. एक टिप्पर आला. ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, "काय बाबा, कुणाची वाट बघताय?"

"पोराला मुलगी बघाया आलोय," आबा म्हणाले. "पाव्हणे येतेत न्यायला."

ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं. "हितं? ओ बाबा, हितं नुसती राख हाय. कोण सांगितलं तुमाला?"

"लोकेशन आलंय," आबा म्हणाले.

त्याचा क्लीनर इतका हसला की त्याला खोकला लागला. मामा उठून उभा राहिला. त्याला कळलं होतं. तो मला म्हणाला, "भूगोलाचा हाय म्हणं!" आणि जीपमध्ये जाऊन बसला. माय उठली. आबा बसूनच होते. "येतील," ते म्हणाले. "चिठ्ठीत लिवलंय ना, येतो म्हणून." त्यांना दंडाला धरून मला उठवावं लागलं. टोपी करडी झाली होती. मायने खण परत डब्यात ठेवला आणि झाकण लावलं, लोकांची वस्तू म्हणून.

घरी आल्यावर मी सांगितलं की मुलीच्या मामाने फसवलं असणार, कुणीतरी टवाळ माणूस असेल. मित्रांचं नाव घेतलं नाही. आबांना एवढंच तर मिरवायला होतं, पोराचे दोस्त.

दोन दिवसांनी मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "नारळ फोडला का बे?" मग माझं तोंड बघून म्हणाला, "ए मास्तर, आमाला वाटलं तू एकटा येशील, लई तर आबा. सगळं वऱ्हाड घिऊन येशील आसं कुणाला ठावं?"

इंजिनिअर तिथेच बसला होता. तो म्हणाला, "खाली उतरायचं होतं रे, पण तुझी आई बसलेली बघून कसं उतरणार? फार ऑकवर्ड झालं आम्हाला."

त्यांनी वरून फोटो काढला होता आणि ॲपवर आमच्या चकव्यांच्या पानावर टाकला होता. मी उघडून बघितला. राखेच्या ढिगाखाली एका ओळीत बसलेली तीन माणसं, आणि बाजूला मी, उभा. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. पुण्याच्या कुणीतरी लिहिलं होतं, यापेक्षा भारी चकवा आजवर बघितला नाही. हैदराबादहून येऊन आमचे दोन डबे शोधून गेलेल्या एका बाईंना मराठी येत नसावं. त्यांनी लिहिलं होतं की सगळं कुटुंब मिळून खेळायला बाहेर पडलेलं बघून बरं वाटलं, आजोबा फार गोड आहेत.

"चिडला का बे?" दुकानदाराने विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. आणि हसलो. त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलोही. लोकांना हे विचित्र वाटेल. पण न जाऊन मी कुठे जाणार होतो?

आमच्यासोबत आलेल्या जीपचा ड्रायव्हर सिरसाळ्याचाच होता. आठवड्याच्या आत बाजारभर झालं. पाठीवर पोतं घेतलेल्या आबांनी विचारलं, कुठल्या दुकानात टाकू, की आडत्यांची पोरं म्हणायची, "लोकेशन पाठवू का आबा?" पोत्याखालून आबा हसायचे. त्यांना 'लोकेशन' हेच नाव पडलं. एकदा मी बाजारातून जाताना कुणीतरी ओरडून हाक मारली, "ओ लोकेशन, ट्रक लागलाय!" आणि आबा "आलो आलो" म्हणत धावले.

त्यानंतर लिंबागणेशकडचं एक खरं स्थळ आलं. मुलगी बी. एड. झालेली, तीही शाळेत तासावरच. त्यांनी लोकेशन पाठवतो म्हटलं. आबा म्हणाले, "नगं. इचारत येतो." आम्ही बसने गेलो आणि विचारत गेलो. पहिल्याच टपरीवर चहावाल्याने विचारलं, "कुठले तुमी?"

"सिरसाळ्याचे."

"सिरसाळा... आवो, ते राखंत पोरगी बघाया गेल्ते, ते तुमच्याकडलेच ना? मोबाइलवर फोटू आलता बघा."

आबा म्हणाले, "आसतील. लई मोठं गाव हाय." आणि कप ठेवला. चहा अर्धाच पिऊन झाला होता.

मुलीच्या घरी सगळं नीट झालं. ती समोर आली, बसली, माझ्या आवडीच्या विषयावर दोन प्रश्नही तिने विचारले. मला वाटलं, जमेल. मला आजही वाटतं की जमलं असतं. निघताना तिच्या भावाने माझ्याकडे निरखून बघितलं आणि आत गेला. आतून हसण्याचा आवाज आला. बायकांचाही होता. निरोप तिच्या वडिलांनी फोनवरच दिला. सभ्य माणूस. ते म्हणाले, "मुलगा चांगला हाय, शिकलेला हाय, आमची तक्रार न्हाई. पर पोरीला लोकं जलमभर चिडवतील. तुमीच सांगा, बापानं काय करावं?"

आबा फोनवर म्हणाले, "खरंय तुमचं." त्यांचा स्वभाव तसा आहे, समोरच्याचं खरं असलं की ते मान्य करतात.

पुढे इंजिनिअरची बदली झाली. जायच्या आधीच्या रविवारी तो आणि दुकानदार आमच्या घरी आले. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच आमच्या घरात येत होता. आबांनी शेजाऱ्याकडून खुर्च्या आणल्या. स्वतः खाली बसले. मायने भजी केली. आबा म्हणत होते, "साहेब, तुमी पोराला शिकिवलं, म्हणून त्यो पास झाला. तुमचे उपकार हायत आमच्यावर." इंजिनिअर म्हणत होता, "छे छे, तो हुशारच आहे." त्याला ते ऐकून घेता येत नव्हतं हे मला दिसत होतं. तो भजी हातात धरून बसला होता, खात नव्हता.

मग आबा म्हणाले, "एक सांगतो साहेब. तुमी आता नव्या गावाला चाललात, तुमच्या लई वळखी. पोरासाठी एखादं स्थळ नजरेत आलं तर आमाला कळवा. तुमच्या शब्दावर आमी डोळं झाकून येऊ."

दुकानदाराने मान फिरवली. इंजिनिअरने भजी बशीत ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. त्याने ते बघितलं, पण त्याला बहुतेक मन मोकळं करून जायचं होतं.

"आबा," तो म्हणाला, "ते राखेतलं... ते आम्हीच केलं होतं. मी आणि ह्याने. गंमत म्हणून. इतकं होईल असं वाटलं नव्हतं. माफ करा."

आबांना आधी कळलंच नाही. ते एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. चुलीजवळ बसलेल्या मायचा हात तळणीवर थांबला. मग आबांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. ते हसू मी लहानपणापासून बघत आलो आहे. आडत्याने पोत्यावर बसून काही म्हटलं की यायचं ते.

"आसं व्हय?" आबा म्हणाले. "तुमी केलतं? आवो साहेब! लई झ्याक गंमत केली की!" आणि ते हसायला लागले. मोठ्याने, गुडघ्यावर थाप मारत. "आन् आमी बसलो मांडी घालून! आगं, आयकलं का? साहेबानं केलतं ते! उगंच आपण कुणालाबी शिव्या दिल्या!"

दुकानदारही हसला, सुटल्यासारखा. इंजिनिअर हसला. आबांनी त्यांना आणखी भजी वाढायला लावली. माय उठली, वाढून आत गेली आणि ते जाईपर्यंत बाहेर आली नाही. मी कुणाकडे न बघता जमिनीकडे बघत बसलो होतो. मला तेव्हा जे बोलायचं होतं ते मी बोललो असतो, तर आबांचं हसणं खोटं पडलं असतं, आणि ते त्यांनी मोठ्या कष्टाने आणलं होतं.

जाताना इंजिनिअर वाकून आबांच्या पाया पडला. आबा मागे सरकले. "न्हाई न्हाई साहेब, तुमी काय पाया पडता." गाड्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत ते हात जोडून दारात उभे होते.

मग त्यांनी खुर्च्या उचलल्या, शेजारी परत दिल्या. आत आले. मी अजून तिथेच होतो. ते माझ्याशेजारी टेकले आणि बराच वेळ पायाचे तळवे चोळत राहिले.

"बाजारात सांगू नको हे," ते म्हणाले.

"कावून आबा?"

"साहेबाचं नाव खराब व्हईल." मग म्हणाले, "शिकल्याली माणसं हायत. आपलं काय, आपल्याला समदे हसतेतच."

मी बाजारात कुणाला सांगितलं नाही.